आमच्या तळघरातला इनफिल्डर

एप्रिल २०१९ च्या पहिल्या आठवड्यात, रात्री पावणेअकराला, तो आमच्या दारात उभा राहिला. एक मोठी बॅग, काखेत उशी आणि बॅगेच्या पट्ट्याला अडकवलेले बेसबॉलचे तीन ग्लव्ह. वय तेवीस. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ग्लव्ह एकाच हातात घालतात, मग तीन कशाला? तो तिथेच चपलांच्या रॅकशेजारी मांडी घालून बसला आणि तिन्ही ग्लव्ह तिच्यापुढे मांडले. सगळ्यात छोटा सेकंड बेसचा, कारण तिथं चेंडू काढून फेकायला क्षणभरही उशीर चालत नाही आणि ग्लव्ह खोल असला की बोटं चेंडू शोधत बसतात. मधला साडेअकरा इंची, शॉर्टस्टॉपचा, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभं राहणाऱ्याचा. सगळ्यात मोठा थर्ड बेसचा, कारण तिथं चेंडू अंगावर असा येतो की आधी तो अडवायचा, बाकीचं नंतर.

“मग तुझी जागा कुठली?” लेकीनं विचारलं.

“ज्या दिवशी जी सांगतील ती,” तो म्हणाला.

आम्ही मूळचे पुण्याचे. नवरा सणसवाडीला जॉन डिअरच्या कारखान्यात होता. तिथून २०१२ मध्ये त्याची बदली कंपनीच्या मुख्यालयात, इलिनॉयमधल्या मोलीनला झाली. मिसिसिपीच्या दोन्ही काठांवरच्या गावांच्या या पुंजक्याला क्वाड सिटीज म्हणतात. आम्ही आयोवाच्या बाजूला, बेटनडॉर्फमध्ये राहतो. शेजारच्या डेव्हनपोर्टला अगदी नदीला लागून १९३१ साली बांधलेलं बेसबॉलचं मैदान आहे, त्याचं आजचं नाव मॉडर्न वुडमेन पार्क. लेफ्ट फिल्डच्या मागे ११० फुटी आकाशपाळणा, आणि संध्याकाळी सेंटेनियल ब्रिजचे दिवे लागले की सामना बाजूला राहतो आणि माणूस नुसता पुलाकडे बघत बसतो. पहिली काही वर्षं आम्ही तिथं पाळण्यासाठीच जायचो. नंतर लेकीला खेळ आवडायला लागला, आणि एके दिवशी तिनंच भिंतीवरचा कागद वाचून दाखवला : खेळाडूंसाठी घरं हवी आहेत.

मायनर लीगच्या गावांत ही जुनी रीत होती. खेळाडू हंगामभर कुणाच्या तरी घरी राहायचा, घरच्यांनी भाडं घ्यायचं नाही. आम्ही अर्ज भरला, आमची चौकशी झाली, एक बाई येऊन तळघरातली खोली आणि न्हाणीघर बघून गेल्या. बदल्यात आम्हाला हंगामाची तिकिटं मिळणार होती. आम्ही तिकिटांसाठी हे केलं नाही. परदेशात पहिल्यांदा आलो तेव्हा आम्हाला पहिले बारा दिवस एका अनोळखी मराठी कुटुंबानं आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, आणि ते ऋण नवऱ्याच्या मनात होतं.

मायनर लीग म्हणजे काय, हे मला त्याच्या पगाराच्या चिठ्ठीनं समजावलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, व्यावसायिक बेसबॉल म्हणजे कोट्यवधी. तो खेळत होता त्या क्लास ए पातळीवर तेव्हा आठवड्याला किमान २९० डॉलर मिळत. तेही हंगामाचे पाच महिने. वसंतातल्या सराव शिबिराचे पैसे नाहीत, हिवाळ्यातल्या व्यायामाचे नाहीत. त्याच्यावर हाय ए, मग डबल ए, मग ट्रिपल ए, आणि त्याच्यावर मेजर लीग. वरच्या संघाशी जोडलेली ही सगळी शिडी. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे वरचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, चाळीस फेऱ्या होत्या, त्यात त्याचं नाव तिसाव्या फेरीच्याही नंतर पुकारलं गेलं. पहिल्या फेरीतल्या मुलाला लाखो डॉलरचा बोनस मिळतो. याला मिळालेल्या काही हजारांतून त्यानं जुनी गाडी घेतली. दोघं एकाच डगआऊटमध्ये बसतात, एकाच बसनं जातात, पण पहिल्यानं चार चुका केल्या तरी उद्या तो मैदानात असतो, आणि दुसऱ्याला चांगल्या दिवसाचीही खात्री नसते. मला हे फार लागायचं. त्याला नाही. तो म्हणायचा, संघात पंचवीस जण लागतात, चोविसावाही कुणीतरी असावाच लागतो.

मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत. त्यामुळे बेसबॉलमधला बॅटवाला आणि चेंडू टाकणारा पिचर यांच्यापेक्षा माझं लक्ष आपोआप इनफिल्डरकडे, म्हणजे बेसांजवळच्या जागा सांभाळणाऱ्याकडे गेलं. खो-खोत पाटीवर बसलेली मुलगी काही करत नाहीये असं दिसतं, पण तिचं वजन पंजांवर असतं आणि कान मागे. शॉर्टस्टॉपचंही तसंच आहे. पिचरनं हात उचलला की तो दोन छोटी पावलं पुढे टाकतो, किंचित उडी घेतल्यासारखा होतो, आणि चेंडू बॅटला लागतो त्याच क्षणी त्याचे पाय जमिनीला टेकतात. हे प्रत्येक चेंडूला. एका सामन्यात दीडशेच्या आसपास वेळा. त्यातले चार-पाच चेंडू त्याच्याकडे येतात. बॅटवाल्याला पहिल्या बेसपर्यंत धावायचे असतात नव्वद फूट, त्याला लागतात सव्वाचार सेकंद. तेवढ्यात चेंडूची उसळी ओळखायची, खाली वाकून तो घ्यायचा, पाय जुळवायचे आणि फेकायचा. गवतावरून आलेला चेंडू मातीच्या कडेवर चुकीचा उसळला की थेट छातीवर किंवा हनुवटीवर. त्याच्या हनुवटीखाली तसा एक व्रण होता.

सराव तो आमच्या तळघरातही करायचा. मैदानावरून अकराला यायचा, जेवायचा, आणि मग खालून टेनिसच्या चेंडूचा आवाज सुरू व्हायचा. भिंतीवर आपटून परत येणारा चेंडू जेमतेम तळहाताएवढ्या सपाट ग्लव्हनं घ्यायचा आणि त्याच झटक्यात दुसऱ्या हातात. टप्, टप्, टप्. पहिले चार दिवस झोप लागेना. नंतर तो बाहेरगावी गेला की त्या आवाजावाचून झोप लागेनाशी झाली.

जेवणाचं सांगते. परगावी असताना खेळाडूंना दिवसाला पंचवीस डॉलर भत्ता मिळायचा, त्यात दोन वेळचं फास्टफूड. मी डबे द्यायला सुरुवात केली. भात बसमध्ये टिकत नाही, पोळ्या कडक होतात, सँडविच त्याला रोजचंच. शेवटी थालीपीठ जमलं. भाजणी सासूबाईंनी पाठवलेली, कांदा कमी घालायचा म्हणजे वास येत नाही, आणि दह्याऐवजी सोबत पीनट बटर. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला जायला बसला आठ तास लागायचे. तिथून एकदा रात्री त्याचा निरोप आला : काकू, कॅचरला पण हवी आहेत. त्यानंतर सहा ऐवजी मी अठरा करायला लागले. काकू म्हणायला त्याला लेकीनं शिकवलं. माझ्या नावातला ‘ळ’ त्याला जमेना, आणि आडनावानं हाक मारू नकोस असं मीच सांगितलं होतं.

त्या वर्षी नदी वर आली. डेव्हनपोर्टनं कायमची पूरभिंत कधी बांधलेली नाही. ३० एप्रिलला तात्पुरता बांध फुटला आणि गावाचा जुना भाग पाण्यात गेला. २ मेला पाणी २२.७ फुटांवर पोहोचलं, तो विक्रम आहे. मैदानाला स्वतःच्या लावायच्या-काढायच्या भिंती आहेत, त्यामुळे आतलं गवत कोरडं आणि भोवती सगळी मिसिसिपी, असं ते बेट झालं होतं. संघ आठवडेच्या आठवडे परगावी खेळला. आमचा मुलगा (तोवर आम्ही त्याला असंच म्हणायला लागलो होतो) मे महिन्यात घरी मोजून काही रात्री झोपला. हंगाम संपला तेव्हा १४० पैकी निम्म्याहून जरा जास्त सामने तो खेळला होता, तिन्ही ग्लव्ह वापरून. फलंदाजीत मात्र दर शंभर संधींना तेवीसच्या आसपास हिट. इनफिल्डरचे हात कितीही चांगले असले तरी तेवीसवर शिडी चढता येत नाही, हे त्याला माहीत होतं. सप्टेंबरमध्ये गाडीत बसताना त्यानं छोटा ग्लव्ह लेकीला दिला. “सेकंड बेसवर उभी राहा,” एवढंच म्हणाला.

२०२० च्या मे महिन्यात त्याचा फोन आला. दोन मिनिटांचा एक फोन झाला होता, आणि करार संपला होता. त्याच आठवड्यांत शेकडो मुलांना असे फोन गेले. ३० जूनला सगळा मायनर लीग हंगामच रद्द झाला. पुढच्या वर्षी मेजर लीगच्या संघांशी जोडलेले मायनर लीगचे संघ १२० वर आणले गेले. आमच्या शेजारचे क्लिंटन आणि बर्लिंग्टन त्यात गळाले, ज्या गावांत कित्येक पिढ्या व्यावसायिक बेसबॉल होता. पेनसिल्व्हेनियात आईवडिलांकडे राहून तो गोदामात रात्रपाळी करत होता. फोनवर रडला नाही. मला म्हणाला, “काकू, माझ्या आजोबांचा जन्म इटलीतला. कुणीतरी सांगतंय की तिथला पासपोर्ट काढता येतो, आणि तिथं लीग आहे. तुम्हाला कागदपत्रांतलं कळतं ना?”

कळतं. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या भारतीय कुटुंबाला दुसरं काही कळो न कळो, कागदपत्रं कळतात. आमच्या अर्जाची तारीख २०१४ ची होती, आणि त्या ऑक्टोबरात, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे दर महिन्याला सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनच्या तारखांनी एकदम उडी मारली. सहा वर्षं नुसतं थांबल्यावर अचानक आम्हाला जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, लसीकरण, सगळं महिनाभरात उभं करायचं होतं. माझ्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, कारण बारशाच्या आधीच नोंद झाली होती. दहावीच्या प्रमाणपत्रावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. या दोन्ही बायका एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र माझ्या मावशीनं आणि आत्यानं पुण्यात बसून करून दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला आमची फाइल होती. दुसऱ्या टोकाला मी त्याची उघडली.

त्या फाइलमध्ये सगळं एका तारखेवर अडलेलं होतं. इटलीचा कायदा रक्तानं नागरिकत्व देतो. आजोबा इटलीचे नागरिक, त्यांचा मुलगा जन्मतः इटलीचा, त्याचा मुलगाही. पण १९९२ पूर्वी कुणी स्वतःहून दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की त्याचं इटालियन नागरिकत्व तिथेच संपायचं. म्हणजे आजोबा अमेरिकन झाले ते याच्या वडिलांच्या जन्माआधी की नंतर? आधी असेल तर साखळी तुटली. आजोबा १९५५ मध्ये अब्रुत्सो प्रांतातल्या डोंगरी गावातून आलेले, वडिलांचा जन्म १९६१ चा. मधली सहा वर्षं अंधारात. घरात कुणालाच आठवत नव्हतं. सरकारी अभिलेखात शोध घ्यायचा अर्ज टाकला, महिने गेले. शेवटी त्याची आत्या कपाट आवरत होती, तेव्हा आजोबांच्या सैल झालेल्या पाकिटात घडी घातलेलं प्रमाणपत्र मिळालं. १९६४. तीन वर्षांनी. त्यानं फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आवाज बंद करून मी पुन्हा पुन्हा तो आकडा मोठा करून बघत होते.

मग खरं काम सुरू झालं. आजोबांच्या गावच्या नगरपालिकेला भाषांतर-यंत्राच्या मदतीनं इटालियनमध्ये पत्र लिहिलं. तीन आठवड्यांत जन्मनोंदीचा उतारा आला, एक पैसा न घेता. त्यावर नाव जुझेप्पे. लग्नाच्या दाखल्यावर जोसेफ, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर नुसतं जो. आणि जन्मतारीख? नगरपालिका म्हणते ७ एप्रिल, लग्नाचा दाखला म्हणतो ४ जुलै. हे कोडं सोडवायला मला मिनिटही लागलं नाही. अमेरिकेत महिना आधी लिहितात, युरोपात आणि आपल्याकडे दिवस आधी. कुठल्याशा कारकुनानं ७/४ उलटं वाचलं होतं, आणि माणूस आयुष्यभर अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी वाढदिवस साजरा करत राहिला. त्याच्या घरातले सगळे म्हणत होते की आजोबांना तो दिवस फार आवडायचा. ती तारीख त्यांना आवडत होती की दुरुस्त करायला कुठं जायचं हे माहीत नव्हतं, हे आता कोण सांगणार? परक्या देशात अधिकाऱ्यानं लिहिलं तेच आपलं, ही भावना मी ओळखते.

दाखला दुरुस्त करून घेतला. जुझेप्पे, जोसेफ आणि जो एकच, याचं प्रतिज्ञापत्र केलं. त्याचा मसुदा मी लिहिला, मावशीच्या मराठी प्रतिज्ञापत्राचं वळण डोळ्यांसमोर ठेवून. मग प्रत्येक दाखल्यावर राज्याचा अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का, आणि प्रत्येकाचं इटालियन भाषांतर. पण वकिलातीत भेटीची वेळ मिळायला वर्षं लागत होती आणि इनफिल्डरच्या पायांकडे वर्षं नसतात. २०२१ चा उन्हाळा तो एका स्वतंत्र लीगमध्ये खेळला, ज्या संघांच्या वर कुठली शिडी नसते. तिथं पहिल्यांदा त्याची फलंदाजी सुधारली. कुणी वर नेणार नाही म्हटल्यावर तो मोकळेपणानं बॅट फिरवायला लागला, असं माझं मत. त्याचं म्हणणं, तिथले पिचर जरा हळू टाकत होते.

दुसरा रस्ता होता : इटलीत जाऊन राहायचं आणि तिथल्या नगरपालिकेतच अर्ज द्यायचा. एका क्लबनं खोली देऊ केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो फाइल छातीशी धरून गेला. बॅगेत टाकू नकोस, विमानात जवळ ठेव, हे मी चार वेळा बजावलं होतं. तिथं पत्ता नोंदवल्यावर पालिकेचा पोलीस घरी येतो, माणूस खरंच राहतो का हे बघायला. हा तीन दिवस सरावाला न जाता दाराशी बसून राहिला. चौथ्या दिवशी पोलीस आला, दारावरचं नाव वाचलं, आत डोकावून पलंग बघितला, आणि कोपऱ्यातला ग्लव्ह बघून म्हणाला की माझा भाऊ थर्ड बेस खेळायचा. उन्हाळ्यात मान्यता आली. तोवर हंगाम अर्धा झाला होता. त्या काळात तो क्लबच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू, घ्यायला शिकवत होता, हातवारे करून.

इकडे आमचं तळघर रिकामं झालं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेजर लीगनं जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून खेळाडूंच्या राहण्याची सोय संघांनीच करायची. पुढे २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या करारानं हाय ए च्या खेळाडूला वर्षाला २७,३०० डॉलर मिळायला लागले. हे व्हायलाच हवं होतं. डोक्यावरचं छप्पर एखाद्या काकूच्या मायेवर अवलंबून असू नये, तो कामाचा हक्क आहे, असं मी तेव्हाही म्हणत होते. तरी एप्रिल आला की माझी पावलं आपोआप खालची गादी उन्हात टाकायला वळतात.

मार्च २०२३ चं वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशोदेशींच्या संघांची स्पर्धा, आम्ही दोन खंडांत बसून एकत्र बघितलं. इटलीचे सामने तैवानमधल्या ताइचुंगला, आमच्याकडे पहाटेचे पाच, त्याच्याकडे दुपारचे बारा. तो क्लबजवळच्या बारमध्ये, आम्ही दुलई पांघरून सोफ्यावर, मध्ये व्हिडिओ कॉल. इटलीनं क्यूबाला दहाव्या डावात ६-३ असं हरवलं तेव्हा त्याच्या मागे अख्खा बार ओरडत होता. या स्पर्धेत पासपोर्टही लागत नाही, नागरिकत्वाला पात्र असणं पुरतं. त्यामुळे इटलीच्या संघात बरेचसे अमेरिकेत वाढलेले, इटालियन आडनावांचे खेळाडू होते. फर्स्ट बेसवर व्हिनी पास्क्वांतिनो. तो २०२१ मध्ये आमच्याच मैदानावर खेळून गेलेला, लेकीकडे त्याची सही आहे. उपांत्यपूर्व सामना टोकियोत जपानशी, समोर शोहेई ओतानी, जो चेंडूही टाकतो आणि बॅटही चालवतो. तिसऱ्या डावात ओतानी बॅट घेऊन आला, इटलीचे इनफिल्डर उजवीकडे सरकले, आणि एवढ्या ताकदीच्या फलंदाजानं मोकळ्या थर्ड बेसकडे हळूच बंट टाकला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसती टेकवली. आमचा मुलगा त्या क्षणी खुर्चीतून उठला. “मी तिथं असतो तर दोन पावलं पुढे असतो,” तो म्हणाला, आणि लगेच, “नाही, मीही सरकलोच असतो.” पाचव्या डावात डॉमिनिक फ्लेचरनं ओतानीच्या चेंडूवर हिट मारून दोन धावा काढल्या. इटली ३-९ हरली.

त्या उन्हाळ्यात त्याला राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं. युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेला पासपोर्ट लागतो, आणि तो आता त्याच्याकडे होता, गडद लाल. क्लबकडून तो डच आणि झेक संघांशी खेळून आला होता. झेक खेळाडूंचं त्याला फार कौतुक. मार्चमध्ये ओतानीला बाद करणारा त्यांचा पिचर ओंद्रेय सातोरिया पेशानं इलेक्ट्रिशियन आहे. शिबिर झालं. अंतिम यादीत त्याचं नाव नव्हतं. जागा मिळाली ती इटलीतच जन्मलेल्या, तिथल्याच मातीत सहाव्या वर्षापासून ग्राउंडर घेतलेल्या मुलाला. इटलीत यावरून जुना वाद आहे : आजोबांच्या दाखल्यावर आलेले अमेरिकन घ्यायचे की गावच्या मैदानावर वाढलेली पोरं? इतक्या रात्री त्या फाइलवर घालवूनही मला त्या निवडीत अन्याय दिसला नाही. वाईट मात्र खूप वाटलं. त्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावून बराच वेळ नुसती बसले.

आम्ही जुलैमध्ये तिकिटं काढलेलीच होती, शेंगेन व्हिसाही झाला होता. रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी नेत्तुनो आहे, तिथं त्याचा परगावचा सामना होता. १९४४ च्या जानेवारीत दोस्त राष्ट्रांचं सैन्य तिथं आणि शेजारच्या आन्झिओला उतरलं. अमेरिकन सैनिकांची मोठी दफनभूमी तिथं आहे, सात हजारांहून अधिक पांढरे क्रूस. ती उभारायला राहिलेल्या सैनिकांनी गावातल्या मुलांना बेसबॉल शिकवला, आणि गाव तो विसरलं नाही. सकाळी तिथून फिरताना नवऱ्यानं लेकीला यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्याविषयी सांगितलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोघं, याच इटलीत लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे जुलै १९४४ मध्ये इथंच, उत्तरेला टायबरच्या खोऱ्यात पडले. माणगावला त्यांचा पुतळा तिनं लहानपणी एसटीच्या खिडकीतून बघितला होता, पण तेव्हा इटली कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सामना. तो सेकंड बेसला. सहाव्या डावात एक चेंडू पिचरच्या पायाशेजारून मधोमध निघाला, याची चार पावलं, पूर्ण ताणलेला हात, आणि चेंडू ग्लव्हमधून न काढता ग्लव्हनंच शॉर्टस्टॉपकडे ढकलला. तिथून फर्स्टला. डबल प्ले, एका चेंडूवर दोघं बाद. लेक माझा हात दाबून म्हणाली, “आई, हे तळघरातलं आहे. भिंतीवरचं.” नंतर जेवताना तिनं त्याला विचारलं, मी सॉफ्टबॉलमध्ये भारताकडून खेळू शकते का? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, तुझा पासपोर्ट भारताचा आहे, तोवर हो. पुढे अमेरिकेचा घेतलास की नाही. भारत दोन पासपोर्ट देत नाही. ती बराच वेळ काट्यानं पास्ता फिरवत राहिली. त्यानं विषय बदलला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, “पाच वर्षं आहेत तुझ्याकडे. आधी बॅकहँड सुधार.”

तो आता तिथंच आहे. सकाळी शाळेतल्या मुलांना शिकवतो, शनिवार-रविवार खेळतो, आणि तीन ग्लव्हांपैकी दोन त्यानं वाटून टाकलेत. त्याच्याकडून माझा नंबर इतरांकडे गेला. २०२५ मध्ये इटलीनं हा कायदा फार आवळला, पणजोबांच्या जोरावर आता काही मिळत नाही, आजोबांबाबतही अटी कडक झाल्या. तरी फोन येतात. गेल्या महिन्यात न्यू जर्सीच्या एका कॅचरचा आला, करार नुकताच संपलेला, चोवीस वर्षांचा. पणजोबा कालाब्रियातले, म्हणून मोठ्या आशेनं सांगत होता. पणजोबांचं आता चालणार नाही, हे मला त्याला सांगावं लागलं. पलीकडे शांतता. मग मी विचारलं, “आजोबांचा जन्म कुठला? ते बोटीत बसून आले, की पणजोबा इकडे आल्यावर त्यांचा जन्म झाला? आणि ते अमेरिकेचे नागरिक कधी झाले, झाले का, हे कुणाला माहीत असेल?”

“थांबा काकू,” तो म्हणाला, “बाबांना फोनवर घेतो.”